आधी नमुना, मग गोळी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या मांडवात दरवर्षी आरोग्यावर एखादे तरी व्याख्यान होते. मधुमेह होतो, गुडघेदुखी होते, हृदयविकार होतो. त्या विषयांवर प्रश्न विचारायला कुणी लाजत नाही. आजचा विषय मात्र घराघरांत दार लोटून बोलला जातो, किंवा बोललाच जात नाही. स्तनाचा जुनाट दाह हा तो विषय. छातीत गाठ येते, सूज येते, कातडी लाल होते, कधी गाठ फुटून पू वाहतो. अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या की थोडे दबते आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा उठते. अशा दुखण्यात वर्ष वर्ष काढलेल्या बायका मी शल्यचिकित्सक म्हणून पाहत आले आहे. तेव्हा पुरुष मंडळींनी चहाच्या निमित्ताने उठून जाऊ नये, ही पहिली विनंती. बाईला दवाखान्यात कधी न्यायचे आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचे, हे अजूनही बहुतेक घरांत तुम्हीच ठरवता.

या विषयाला सुरतेत एक जुना मराठी आधार आहे, तो आधी सांगते. डॉ. रखमाबाई हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीचे लग्न बालपणीच लागले. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ पासून खटला चालला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगाला तयार झाली. पुढे १८८८ साली तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि नोकरीसाठी आल्या त्या आपल्या या सुरतेत, बायकांच्या दवाखान्यात. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी इथे काम केले. त्या काळी परपुरुषाला दुखणे दाखवायचे नाही, म्हणून बायका दुखणे अंगावर काढत. रखमाबाई आल्या आणि दाखवायला आपल्यासारखीच एक बाई मिळाली.

आज सुरतेत डॉक्टरांना तोटा नाही, स्त्री डॉक्टरही पुष्कळ आहेत. तरी छातीतल्या गाठीचा प्रवास सुरू होतो तो मेडिकलच्या काउंटरवरून. ‘गळू झालंय, एखादी स्ट्रिप द्या’ असे सांगितले जाते, आणि कुठे झालेय हे सांगितले जात नाही. इथल्या शेजारणी पुवाला ‘रसी’ म्हणतात आणि लसीलाही ‘रसी’च म्हणतात. एका शब्दात दोन अर्थ राहिले तर हसून सोडून देता येते. एका गोळीत चार आजार उरकायला निघालो, तर मात्र भोगावे लागते. आज मला नेमके हेच सांगायचे आहे.

चार आजार असे का म्हणते, ते पाहू. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दुखण्यामागे निदान चार वेगवेगळी कारणे असतात, आणि पाचवे एक, ज्याची सर्वांना भीती वाटते.

पहिले कारण सगळ्यांच्या ओळखीचे. बाळाला अंगावर पाजणारी आई. दूध तुंबते, गाठ होते, हुडहुडी भरून ताप येतो. जंतू असले तर ते बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतात. नेहमी कातडीवर आणि नाकात राहणारे हे जंतू स्तनाग्राला पडलेल्या चिरेतून आत शिरतात. यावर ठरावीक अँटिबायोटिक दहा ते चौदा दिवस दिली की बहुतेक बायका बऱ्या होतात. इथे दोन गोष्टी आजीबाईंनी ऐकाव्यात. एक, पाजणे थांबवू नये. ते थांबवले तर दूध आणखी तुंबते. दोन, गाठ मोडायची म्हणून तेल लावून जोरजोराने चोळू नये, त्याने सूज वाढते. थंड पट्टीने आराम पडतो. पू झालाच तर सोनोग्राफीत बघून सुईने काढता येतो, आणि बऱ्याच वेळा मोठी चीर टाळता येते. हा आजार जुनाट नाही. तो पंधरा दिवसांत हटायला हवा. हटला नाही, की आपण दुसऱ्या खोलीत शिरलो असे समजायचे.

दुसरे कारण स्तनाग्राच्या मागच्या दुधाच्या नळ्यांचे. तिथे दाह होतो, काळ्या भागाच्या कडेला गळू येते, फुटते, भरते आणि त्याच जागी पुन्हा येते. शेवटी तिथे एक बारीक छिद्र कायमचे राहते, नासूर पडतो. हा आजार धूम्रपानाशी जोडलेला आहे, हे पक्के ठाऊक आहे. ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढणारे जंतू इथे बरेचदा असतात, म्हणून औषधही त्यांना लागू पडणारे द्यावे लागते. नळीच खराब झाली असेल तर औषधाने ती दुरुस्त होत नाही, ती काढावी लागते. तंबाखू न सोडता केलेले ऑपरेशन पुष्कळदा वाया जाते.

तिसरे कारण क्षयरोग. टीबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोकला आणि फुप्फुस येते, पण टीबी स्तनातही होतो. इंग्लंडचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ सालीच त्याचे वर्णन करून ठेवले आहे. आजार दुर्मीळ आहे. तरी जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात असतो, म्हणून आपल्याकडे तो विसरून चालत नाही. न दुखणारी किंवा थोडी दुखणारी गाठ, काखेत सुजलेल्या ग्रंथी, आठवडेच्या आठवडे वाहणारी जखम, असे त्याचे रूप असते. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही पुष्कळदा स्वच्छ असतो.

चौथ्या आजाराचे नाव लांबलचक आहे: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. १९७२ साली केसलर आणि वोलॉक या दोघांनी त्याचे वर्णन केले. तो बहुधा तरुण बायकांना, शेवटच्या बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशींना एखादी गोष्ट संपवता आली नाही, की त्या तिच्याभोवती कडे करतात. त्या कड्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. अशी अनेक कडी मिळून टणक गाठ तयार होते. हाताला ती कॅन्सरसारखी लागते, सोनोग्राफीतही कॅन्सरसारखी दिसते. बाई आणि तिचे घर हादरून जाते. कॅन्सर नाही म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग सुरू होतो गळवांचा सिलसिला. एक बसते, शेजारी दुसरे उठते.

आणि पाचवे, ज्याची भीती वाटते ते. कॅन्सरचाच एक प्रकार दाहाचे रूप घेऊन येतो. काही आठवड्यांतच अख्खा स्तन लाल, गरम आणि जड होतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. गाठ वेगळी हाताला लागेलच असे नाही. म्हणून एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा: योग्य अँटिबायोटिक घेऊन आठवडा-दहा दिवसांत लाली आणि सूज उतरली नाही, तर पुढची स्ट्रिप घ्यायची नाही, बायोप्सी करायची.

आपल्यातले निम्मे लोक प्लांटमध्ये काम करतात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला तर तुम्ही त्याचा आवाज बंद करून शिफ्ट संपवता का? गळती कुठल्या लाइनला आहे, वायूची आहे की पाण्याची, हे आधी बघता. लाली आणि पू हा अलार्म आहे. काउंटरवरची गोळी बहुतेक वेळा त्याचा आवाज तेवढा कमी करते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अँटिबायोटिक का चालत नाही, आणि कधी चालते?

ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमध्ये कारण सापडत नाही, असेच डॉक्टर बरीच वर्षे म्हणत होते. मग न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या डॉक्टरांनी अशा बायकांच्या पुवात आणि तुकड्यांत पुन्हा पुन्हा एक जंतू सापडतो, असे २००२ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्याचे नाव कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी. घटसर्पाच्या जंतूचा हा दूरचा भाऊबंद. पण स्वभाव वेगळा. याला चरबी आवडते, किंबहुना चरबीवाचून याची वाढ नीट होत नाही. आणि स्तन म्हणजे बव्हंशी चरबीच. सूक्ष्मदर्शकाखाली काही तुकड्यांत त्या कड्यांच्या मधोमध बारीक पोकळ्या दिसतात आणि त्या पोकळ्यांत काडीसारखे हे जंतू दडलेले असतात.

यातून दोन गोष्टी उलगडल्या. पहिली प्रयोगशाळेची. हा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये लवकर उगवत नाही. त्याला जास्त दिवस द्यावे लागतात, खाद्यात चरबी घालावी लागते. शिवाय त्याचे भाऊबंद कातडीवर नेहमीच असतात, म्हणून तो उगवला तरी ‘कातडीवरून आला असेल’ म्हणून सोडून दिला जाऊ शकतो. ‘कल्चरमध्ये काही आले नाही’ याचा अर्थ जंतू नाही, असा दरवेळी होत नाही. डॉक्टरांनी प्रयोगशाळेला आधी सांगितले की आम्हाला या जंतूचा संशय आहे, तरच नीट शोध लागतो.

दुसरी गोष्ट औषधाची. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे आणि त्यांची सेफ नावाने सुरू होणारी भावंडे पाण्यात विरघळणारी आहेत. रक्तात चांगली फिरतात, चरबीत मात्र नीट शिरत नाहीत. प्रयोगशाळेच्या ताटलीत जंतू मरतो, बाईच्या शरीरात मरत नाही. डॉक्सिसायक्लिन, क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन ही औषधे चरबीत शिरतात. म्हणून या जंतूवर त्यांचा विचार होतो. आणि ती पाच-सात दिवस देऊन भागत नाही, कित्येक आठवडे, कधी महिने द्यावी लागतात. दर आठवड्याला ब्रँड बदलून पाच-पाच दिवसांचे कोर्स घेत वर्ष काढलेल्या बाईला अँटिबायोटिक कमी मिळालेली नसतात. एकच नेमके औषध पुरेसे दिवस मिळालेले नसते.

पण ही नावे लिहून घेऊन कुणी सरळ मेडिकलकडे जाऊ नये, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगते. या आजाराच्या प्रत्येक बाईत हा जंतू असतोच असे नाही. जंतू नसेल तर अँटिबायोटिकने काही साधत नाही. पुष्कळ बायकांत हा आजार काही महिन्यांत ते वर्षभरात आपोआप विझतो, नुसते लक्ष ठेवावे लागते. काहींना स्टिरॉइड द्यावे लागते, काहींना मेथोट्रेक्सेट. घाईने मोठे ऑपरेशन करून गाठ उपटून काढली तर जखम भरत नाही, आणि आजार पुन्हा उठू शकतो. तेव्हा ‘काहीही न करता थांबणे’ हाही इथे उपचार असतो, पण तो निदान झाल्यानंतर, देखरेखीखाली. दुखणे अंगावर काढणे आणि लक्ष ठेवून थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता या सगळ्यात टीबी कुठे आडवा येतो, ते बघा. ती कडी टीबीतही असतात. टीबीत कड्याच्या मध्यभागी बहुधा पनीरच्या चुऱ्यासारखा मेलेला भाग दिसतो, पण नेहमीच स्पष्ट दिसतो असे नाही. स्तनातल्या टीबीत जंतूही थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट ही चांगली चाचणीसुद्धा कधी कधी निगेटिव्ह येते. मग आपल्या देशात दोन्ही दिशांनी चूक घडते. टीबी असताना ग्रॅन्युलोमॅटस समजून स्टिरॉइड दिले, तर टीबी भडकतो. टीबी नसताना, केवळ कडी दिसली म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, तर आजार तसाच राहतो आणि यकृतावर भार पडतो. वर आणखी एक. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे टीबीच्या जंतूलाही थोडीफार मारतात. टीबी असलेल्या बाईने ती गळवावर म्हणून घेतली की आठ-पंधरा दिवस बरे वाटते, तपासणीत जंतू सापडत नाही आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. रिफाम्पिसिनचेही तसेच. ते टीबीचे मुख्य औषध आहे. आत टीबी असताना ते एकटेच दिले, तर जंतू त्याला सरावतो आणि पुढे खरे औषध हातचे जाते. म्हणून आधी टीबी नाही याची शक्य तितकी खात्री, आणि मगच बाकीचे.

म्हणून मी म्हणते, आधी नमुना, मग गोळी. आणि नमुना म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या, कारण इथे एका लहानशा गोष्टीवर पुष्कळ काही अवलंबून असते. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतात, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करतात, टाका लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. हा तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात, म्हणजे पेशी टिकतात आणि पॅथॉलॉजिस्टला कॅन्सर आहे का, कडी आहेत का, हे बघता येते. पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. त्या बाटलीतून कल्चर होत नाही. म्हणून बाटल्या दोन लागतात. एक फॉर्मेलिनची, दुसरी निर्जंतुक सलाइनची. दुसरी जाते सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, साध्या कल्चरसाठी, जास्त दिवसांच्या कल्चरसाठी आणि टीबीच्या तपासणीसाठी. हे एका वाक्यात विचारायचे: ‘डॉक्टर, तुकडा दोन्हीकडे जाणार ना?’ हा प्रश्न विचारायला वैद्यकीचे शिक्षण लागत नाही, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

‘सुई लावली की गाठ पसरते’ ही समजूत अजून घराघरांत आहे. ती मनातून काढून टाका. सुईच्या तपासणीमुळे जेवढे कळते, तेवढा धोका ती न केल्याने वाढतो. आणि बायोप्सी म्हणजे कॅन्सरच, हेही खरे नाही. या दुखण्यात बायोप्सी बहुतेक वेळा कॅन्सर नाही हे सांगायला आणि मग नेमके काय आहे हे शोधायला केली जाते.

औषधांची किंमत आपल्या लोकांनी तरी विसरू नये. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. वय एकवीस. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला त्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती, पण त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ साल उजाडले. आजार कळत होता, औषध नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडहून इथे आलेल्या कुटुंबांना तो कारखाना माहीत असेल. ज्या औषधासाठी एका पिढीने कारखाना उभारला, ते दुसऱ्या पिढीने शेंगदाण्यासारखे खाऊन निकामी करावे, हे बरे नाही. स्वतः अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना हाच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरणार नाही, उलट शिकून तयार होईल.

आपल्या सरकारनेही बंधने घातली आहेत. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिल्याची वेगळी नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवायची. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की समजा, हे औषध मागून घ्यायचे नाही. २०१६ पासून सरकार या लाल रेघेची ओळख लोकांना करून देत आहे. कायदा आहे, तो पाळायचा की ‘ओळखीतला दुकानदार आहे’ म्हणून वाकवायचा, हे आपल्या हातात आहे.

निदान टीबीचे झाले, तर घाबरू नका. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीसाठी सहा महिन्यांचा उपचार असतो: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, पुढे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. सरकारी कार्यक्रमात हे औषध फुकट मिळते. आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये खात्यात जमा होत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले आहेत. आपली नोकरी चांगली आहे, आपल्याला सरकारी नोंद कशाला, असे काही जण म्हणतात. पण २०१२ पासून टीबीची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता आपल्या कुटुंबांची एक खास अडचण. आपली दोन घरे असतात. एक इथे, हजीऱ्याकडे किंवा सुरतेत, आणि एक गावाकडे. दुखणे इथे सुरू होते. सुट्टीत सुरत-भुसावळच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावला गेले की तिथले डॉक्टर पाहतात. माहेरी आणखी कुणी एक सुचवतात. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी, नवी गोळी, आणि आधीचे कागद मात्र दुसऱ्या घराच्या कपाटात. कुणी काय दिले होते, किती दिवस दिले होते, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून एक साधी फाइल करा. रिपोर्ट, चिठ्ठ्या, औषध कोणत्या तारखेला सुरू केले आणि कधी थांबवले. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळा मागितला तर मिळतो, तो दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो. पुन्हा सुई लावावी लागेलच असे नाही. टीबीचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक जपून ठेवा; त्या नोंदीच्या आधारे उपचार दुसऱ्या राज्यातही पुढे चालू ठेवता येतो.

तपासणीसाठी मुंबई गाठलीच पाहिजे असेही नाही. सुरतेत मजुरा गेटचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आहे, महापालिकेचे स्मीमेर आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे पॅथॉलॉजी आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे दोन्ही विभाग एका छताखाली आहेत. खासगीत जाणार असाल तर शल्यचिकित्सक या दोन्ही विभागांशी बोलून निर्णय घेतात का, एवढे बघा.

औषध चालू असतानाच्या चार गोष्टी सांगून संपवते. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. दुधाबरोबर घेऊ नये. उन्हात कातडी लवकर भाजते, आणि हजीऱ्याचे ऊन तुम्हाला माहीत आहे. गरोदर असाल, किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. पण त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून दुसरा उपाय करावा. मळमळ, डोळे पिवळे, असे काही झाले तर गोळ्या स्वतः बंद करून घरी बसू नये, लगेच दाखवावे. आणि फुटलेल्या जखमेवर आंबेहळद, पोटीस, चुना यांतले काहीही लावू नये. ती स्वच्छ ठेवावी, एवढेच.

सासूबाईंना एक विनंती. सुनेच्या छातीत गाठ झाली, तर ‘दूध साठलं असेल, जाईल’ हे वाक्य पंधरा दिवसांपुरतेच खरे माना. सोळाव्या दिवशी तिला घेऊन चला. नवरे मंडळींना विनंती. तपासणीला तिच्याबरोबर आत जा, बाहेर मोबाइल बघत बसू नका. आणि टीबी निघाला तर तिचे ताट वेगळे करू नका. स्तनातला टीबी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. फुप्फुसातही आहे का, हे डॉक्टर तपासतील आणि काळजी घ्यायची असेल तर तेच सांगतील. लग्न ठरायच्या मुलीच्या बाबतीत तर गाठ लपवली जाते, हे मी पाहिले आहे. सहा महिन्यांत पूर्ण बरा होणारा आजार लपवून तो दोन वर्षांचा करण्यात कुणाचेच हित नाही.

रखमाबाईंच्या काळात बाईला डॉक्टर मिळत नव्हता. आनंदीबाईंच्या काळात औषध मिळत नव्हते. आपल्याला दोन्ही मिळाले आहेत. राहिले आहे ते एवढेच, की घरात या दुखण्याचे नाव वेळेवर, स्पष्ट शब्दांत उच्चारायचे आणि गोळीच्या आधी नमुना द्यायचा. आता ज्यांना सर्वांसमोर प्रश्न विचारायला संकोच वाटतो, त्यांनी चिठ्ठीवर नाव न घालता लिहून द्या. सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत मी इथेच थांबणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!